आधी कातळ, मग कुंड: बेळगावहून राजापूर-संगमेश्वरच्या गरम झऱ्यांची दोन दिवसांची आखणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून गरम झऱ्यांना जाणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडतो. सकाळी आठला निघायचं, आंबोलीत तासभर फोटो, दुपारी दोनला राजापूर, मासळीचं पोटभर जेवण आणि तसंच जाऊन कुंडात बसायचं. वर आलं की एकाला चक्कर, दुसऱ्याला उलटी. कातळशिल्पं (सपाट कातळावर कोरलेल्या आकृत्या) शोधेपर्यंत अंधार पडतो आणि रात्रीच धुक्यात घाट चढायचा बाकी असतो. यात ठिकाणांचा काही दोष नाही, क्रम उलटा लागतो एवढंच. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि घामावाटे पाणी जातं. त्यानंतर तापलेल्या कातळावर चालायला शरीर तयार नसतं. म्हणून पायपीट पहिल्या दिवशी संध्याकाळी, आंघोळ दुसऱ्या दिवशी पहाटे आणि घाट उजेडात, हा क्रम मोडू नका.

टप्पा १: कुठे जायचं ते नाव नीट पकडा

मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘राजापूर’ टाकलं की सीमाभागातल्या माणसाला शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेवरच्या बंधाऱ्याचं राजापूरही समोर येतं. आपल्याला हवंय ते रत्नागिरी जिल्ह्यातलं. झऱ्यांची नावं तर आणखी फसवी:

- उन्हाळे: राजापूर शहराजवळ, अर्जुना नदीकाठी. आपला आंघोळीचा झरा हाच.
- उन्हवरे: दापोलीकडे, बरंच उत्तरेला. पाणी अतिशय कढत.
- उन्हेरे: रायगड जिल्ह्यात, पालीजवळ. आणि ही पाली म्हणजे रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरची पाली नव्हे!
- तुरळ आणि राजवाडी: संगमेश्वरच्या उत्तरेला, मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपास.
- राजापूरची गंगा: गरम झरा नाही. उन्हाळे गावाच्या जवळच असलेला चौदा कुंडांचा समूह, जिथे पाणी अधूनमधून प्रकटतं.

संगमेश्वरचंही तसंच. महामार्गावरची बाजारपेठ वेगळी आणि शास्त्री-अलकनंदा संगमावरचं, जुन्या देवळांचं कसबा संगमेश्वर वेगळं. नकाशात ‘कर्णेश्वर मंदिर, कसबा’ असं टाका.

तपासा: निघण्याच्या आदल्या रात्री उन्हाळे, कातळशिल्पांचं बारसू, कर्णेश्वर आणि तुरळ ही चार ठिकाणं नकाशात जतन करा आणि तेवढा भाग ऑफलाइन उतरवून घ्या. सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) आणि घाटात रेंज जाते.

टप्पा २: दिवस ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर सड्यावर गुडघाभर गवत असतं आणि शिल्पं त्याखाली दडलेली. गवत वाळून बसलं की रेषा मोकळ्या होतात. मार्चनंतर शिल्पं दिसतात छान, पण दमट उकाड्यात गरम पाण्यात बसणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात जाऊच नका: अर्जुनेला पूर येतो, घाटात दरडी येतात आणि कुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

अमावस्या-पौर्णिमा, सलग सुट्ट्या आणि गंगा आलेली असतानाचे दिवस आंघोळीसाठी टाळा. गंगा दर तीन वर्षांनी येते असं म्हणतात, पण ती वेळापत्रक पाळत नाही. तीच बघायची असेल तर राजापुरात फोन करून आली आहे की नाही ते विचारा आणि गर्दीची तयारी ठेवून निघा.

एसटीने जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवस सोडावेत. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या कधी अचानक बंद होतील याचा नेम नसतो. रेल्वेचा विचार असेल तर लक्षात ठेवा, ‘राजापूर रोड’ स्टेशन गावापासून बरंच लांब आहे. तिथून पुढे वाहन मिळेल याची आधी खात्री हवी.

टप्पा ३: कोणी पाण्यात उतरायचं नाही

हे कुंडाच्या काठावर ठरवू नका. तिथे ‘एवढं लांब आलोय तर’ हे वाक्य जिंकतं. घरीच ठरवा.

गरोदर बाई, हृदयविकाराचा किंवा झटका येऊन गेलेला माणूस, ताप असलेला, उघडी जखम असलेला आणि दारू प्यालेला, यांनी उतरायचं नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्या आणि गरम पाणी दोन्ही मिळून दाब फार खाली आणतात. पाच वर्षांखालच्या मुलांना कुंडात बसवू नका. पाणी बादलीत काढून, निववून अंगावर घाला.

मधुमेह्यांबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण भाजण्याचा धोका त्यांच्या पायांना जास्त असतो. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव मंदावते. पाणी किती तापलंय ते पायाला कळत नाही आणि फोड आलेला गावी परतल्यावर दिसतो. अशा माणसाने पाय बुडवून अंदाज घ्यायचाच नाही. दुसऱ्याने कोपराच्या आतल्या बाजूने पाणी तपासून सांगायचं.

टप्पा ४: पिशवी भरा

कपड्यांचे दोन जोड लागतात, एक पाण्यात भिजवायचा आणि एक कोरडा. भिजवायचा जोड सुती आणि गडद रंगाचा घ्या. कपडे बदलायला नीट आडोसा मिळेलच असं धरू नका. जुनी सुती साडी किंवा मोठा पंचा बरोबर ठेवा. पाठीमागे पट्टा असलेली रबरी सॅंडल, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, एक मग आणि स्वयंपाकघरात वापरतात तो साधा थर्मामीटर. तो कोणी नेत नाही, पण सगळा अंदाज तोच संपवतो.

माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी घ्या. झऱ्याचं पाणी पिऊ नका, त्यात क्षार जास्त असतात आणि वर शेकडो लोकांचे पाय. मीठ-साखरेची पाकिटं किंवा कोकम सरबत चालेल. कातळासाठी घोट्यापर्यंतचे बूट, टोपी आणि टॉर्च. लहान गावात प्रत्येकजण मोबाइलवर पैसे घेईल असं नाही, म्हणून सुटे पैसे ठेवा.

चांदी घरीच ठेवा. पैंजण, जोडवी, करगोटा, सगळंच. अशा पाण्यात गंधकाचे वायू असले की चांदी बघता बघता काळी पडते. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजा, हाच वायू आहे. वास आला म्हणून पाणी खराब असं नाही.

टप्पा ५: जाण्याचा रस्ता

बेळगाव-खानापूरकरांनी शिनोळीवरून आंबोली, सावंतवाडी आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली, खारेपाटण, राजापूर असं जावं. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, थांबे धरून पाच-साडेपाच तास. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्यांना निपाणी-देवगड रस्ता सोयीचा: मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव तिठा आणि मग महामार्गाने उत्तरेला. या रस्त्यावर राधानगरीच्या पुढे जंगल आहे. भल्या पहाटे आणि कातरवेळी गवे रस्त्यावर उभे असतात, हॉर्न वाजवत अंगावर जाऊ नका. दिवे मंद करून थांबा, ते आपणहून सरकतात.

टाकी घाटमाथ्यावरच, म्हणजे बेळगाव किंवा निपाणीतच भरा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून आंबोली उतरणाऱ्या गाड्यांच्या चाकांना खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. तो आला तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

तपासा: निघण्याच्या दिवशी सकाळी घाट चालू आहे का ते विचारा. करूळ, भुईबावडा, फोंडा, अणुस्कुरा, आंबा यांतला एखादा दरडीमुळे किंवा दुरुस्तीसाठी बंद असणं नेहमीचंच. पर्यायी रस्ता आधीच ठरलेला असेल तर दोन तास वाचतात.

साडेपाचला निघालात तर साडेदहा-अकराला राजापूर. खोली घ्या, जेवा, झोपा. दुपारी तीनपर्यंत काहीही बघायला जाऊ नका. बघण्याची घाई झालेल्यांना हे पटत नाही, पण बाराच्या उन्हात कातळावरच्या रेषा दिसतच नाहीत.

टप्पा ६: पहिली संध्याकाळ, कातळशिल्पं

कातळशिल्पं म्हणजे जांभ्याच्या सपाट सड्यावर कोरलेल्या आकृत्या. कोरीव खाच उथळ असते, तिच्यात सावली पडली तरच आकृती उठून दिसते. म्हणून सूर्य कलल्यावर, सूर्यास्ताआधीच्या दीड तासात जायचं. डोक्यावर सूर्य असताना तीच आकृती पायाखालून जाते आणि माणसं ‘इथे काहीच नाही’ म्हणत परततात.

राजापूर तालुक्यात बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे अशी ठिकाणं आहेत. एका संध्याकाळी एकच करा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बारसू घ्यावं: दोन वाघ आणि मध्ये माणूस अशी मोठी आकृती आहे आणि चढ फारसा नाही. देवाचे गोठणे येथे भार्गवराम मंदिराकडून सड्यावर चढावं लागतं. तिथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, तेव्हा परतीची दिशा मोबाइलच्या कंपासवर सोडू नका. मंदिराकडे उतरणारी वाट चढतानाच ओळखून ठेवा.

१. गावात गाडी लावा आणि पहिल्या घरात विचारा. ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तरी प्रत्येक जागी पाटी, कुंपण आणि रखवालदार असेल असं नाही. गावातला वाटाड्या मिळाला तर घ्या आणि पैसे आधी ठरवा.

२. सड्यावर पोचल्यावर शिल्पाभोवती आधी लांबून एक फेरी मारा. सूर्य आणि तुम्ही यांच्या मध्ये शिल्प आलं की रेषा सर्वांत स्पष्ट दिसतात.

३. फोटो काढताना शिल्पावर उभं राहायचं नाही, चपला काढूनसुद्धा नाही. जांभा मऊ असतो, कडा झिजतात. खडू, रांगोळी, चुना भरून रेषा उठवण्याचा प्रकार तर अजिबात नको, तो रंग छिद्रांत बसतो आणि निघत नाही. अंधारलं असेल तर टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. खडूपेक्षा चांगली आकृती दिसते.

४. ड्रोन आणि मोजपट्टी बाहेर काढण्याआधी गावाला सांगा. बारसूला २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती-सर्वेक्षणावरून मोठं आंदोलन झालं होतं. अनोळखी माणसं सड्यावर मोजमाप करताना दिसली तर लोक विचारणारच.

सावध: या कातळावर फुरसं असतं. वीतभर, हातभर लांबीचा मातकट साप, दगडाच्या रंगात मिसळून जाणारा आणि विषारी. सुटा दगड उचलू नका, खाचेत हात घालू नका, बसण्याआधी जागा बघा. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं, कोंबडी लावणं यात वेळ घालवायचा नाही. पाय हलू न देता माणसाला गाडीत घाला आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

टप्पा ७: दुसरी पहाट, उन्हाळे गावचं कुंड

सहाला पोचा. रात्रभर वाहतं पाणी असल्याने पहाटे ते सर्वांत स्वच्छ असतं आणि हवा गार असल्याने गरम पाणी सोसतंही. पोट रिकामं नको, तुडुंबही नको: एक केळं किंवा दोन बिस्किटं आणि पेलाभर पाणी.

१. आधी बाहेर साध्या पाण्याने अंग धुवा. साबण, शाम्पू, उटणं काही वापरू नका. हे पाणी नदीला मिळतं. शिवाय ओल्या दगडावर साबण म्हणजे हाड मोडायची सोय.

२. मगात पाणी घेऊन थर्मामीटर बुडवा. इथलं पाणी चाळीस-बेचाळीस अंशांच्या घरात असतं. ४० पर्यंत आरामात, ४२ असेल तर जेमतेम दहा मिनिटं, ४३ च्या वर नुसतं मगाने अंगावर घ्यायचं. थर्मामीटर नसेल तर कोपराच्या आतल्या बाजूवर पाणी ओता. पाच आकडे मोजेपर्यंत चटका वाटला तर उतरू नका.

३. पाय दोन मिनिटं, गुडघ्यापर्यंत दोन मिनिटं, मग कंबर, मग बसा. उडी मारणारा माणूस दचकून श्वास ओढतो आणि पाणी नाकात जातं.

४. डोकं बुडवू नका. डुबकी मारायची आपली सवय आहे, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं. कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूत गेला तर होणारा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. पाणी मानेपर्यंतच ठेवा, तोंडावर मारू नका, मुलांना एकमेकांवर उडवू देऊ नका. डोक्यावर पाणी घ्यायचंच असेल तर घरून आणलेलं गार पाणी घ्या.

५. दहा मिनिटांनी काठावर या. लगेच उभं राहू नका. पाय पाण्यात ठेवून दोन-तीन मिनिटं बसा, मग कोणाचा तरी हात धरून उठा. माणसं पडतात ती इथेच.

६. पेलाभर पाणी किंवा सरबत, कोरडे कपडे आणि अर्धा तास विश्रांती.

सावध: छातीत धडधड, कानात दडे, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही जाणवलं तर दहा मिनिटं मोजत बसू नका. बाहेर काढा, आडवं झोपवा, पाय वर उचलून धरा, कपाळावर गार कपडा ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पाच मिनिटांत ठीक वाटलं नाही तर दवाखाना.

गाडी चालवणाऱ्याने पाच मिनिटांच्या वर बसू नये. गरम पाण्यानंतरची सुस्ती तासभर तरी टिकते.

टप्पा ८: राजापुरातलं उरलेलं

आंघोळीनंतर धूतपापेश्वर करा. मृडानी नदीकाठचं हे देऊळ झाडीत आहे, ऊन लागत नाही आणि चालणं थोडं, म्हणजे विश्रांतीच होते. गंगातीर्थ वाटेवर घ्यायचं तर घ्या. गंगा नसेल तेव्हा कोरडी कुंडं आणि वडाची सावली एवढंच दिसेल. आठ-साडेआठला नाश्ता करून नऊला राजापूर सोडा. इथे हमखास उशीर होतो आणि त्याची भरपाई पुढे घाटात करावी लागते.

टप्पा ९: कसबा संगमेश्वर आणि तुरळ

महामार्गाने लांजा, पाली, हातखंबा करत संगमेश्वर, साधारण दोन तास. आतल्या कसब्यात कर्णेश्वराचं दगडी देऊळ आहे. आत अंधार असतो. छतावरचं आणि खांबांवरचं कोरीवकाम बघायला टॉर्च लागतो, त्याशिवाय निम्मं काम नजरेतून सुटतं. आधी दारातून आत जा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या, मग छत बघा आणि बाहेरच्या भिंती शेवटी. आजूबाजूला पडझड झालेली लहान देवळं झाडोऱ्यात आहेत. त्यांच्या सुट्या दगडांवर चढू नका, फुरश्याचा नियम इथेही लागू. काही जागी पूजा चालू असते. चपला काढायच्या की नाही ते गावकऱ्यांकडे बघून ठरवा.

तुरळ पुढे उत्तरेला आहे. चौपदरीकरणाने महामार्गावरच्या जुन्या खुणा बदलल्या आहेत, त्यामुळे फाटा चुकतो. चुकला तर उलट्या बाजूने गाडी आणू नका, पुढच्या वळणावरून फिरून या.

सावध: तुरळला राजापूरच्या हिशेबाने उतरू नका. उगमाजवळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं. एवढं पाणी पाच-सहा सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजतं, लहान मुलांची त्याहून लवकर. मुलांचा हात सोडू नका, उगमाच्या कुंडावर वाकून फोटो नकोत. आंघोळीच्या कुंडातही थर्मामीटर घातल्याशिवाय पाय नाही. सकाळी उन्हाळे गावच्या कुंडात बसलेल्यांनी इथे पाय धुण्यावर भागवावं.

भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. अंगठी-बांगडी सुजण्याआधी काढा, फोड फोडू नका.

टप्पा १०: परतीचा घाट

दीडपर्यंत तुरळ सोडा. संगमेश्वर, देवरुख, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर आणि पुढे पुणे-बेंगळूरु महामार्गाने निपाणी, बेळगाव: थांबे धरून सहा तास. दीडला निघालात तर आंबा घाट उजेडात पार होतो. तीन वाजून गेले असतील आणि हिवाळा असेल, तर धुकं आणि गवे दोन्ही गृहीत धरा. त्यापेक्षा देवरुखात मुक्काम बरा.

तपासा: साखरप्याला थांबून चहा घ्या आणि चालवणाऱ्याला विचारा. दोनदा जांभई दिली की चालक बदला.

घरी आल्यावर

ओले कपडे त्याच रात्री साध्या पाण्यातून काढा, नाहीतर गंधकाचा वास धुण्यात बसतो. काळी पडलेली चांदी खायच्या सोड्याने चोळून निघते. अंगावर पुरळ आलं तर दोन दिवस तेल-उटणं थांबवा. मधुमेह्यांचे तळपाय दुसऱ्या दिवशी उजेडात, आरसा धरून तपासा. आणि पुढच्या दोन आठवड्यांत कोणाला जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणं असं काही झालं, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता गरम झऱ्यात आंघोळ केल्याचं आणि नाकात पाणी गेलं असेल तर तेही पहिल्यांदा सांगा.